एकाच आडनावाचे दोन टॉमस

आपल्या सुनेचे माहेर अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातले. तिच्या वडिलांकडच्या घराण्याची जी वंशावळ आपल्याला इंटरनेटवर मिळाली, तीत सतराव्या शतकाच्या अखेरीस कनेक्टिकट नदीकाठच्या एकाच गावात एकाच आडनावाचे दोन टॉमस दिसतात आणि त्यांना बापलेक म्हटले आहे. त्याच आडनावाचा एक विल्यम त्याच सुमारास व्हर्जिनियात दिसतो आणि त्याला थोरल्या टॉमसचा भाऊ ठरवले आहे. ही नाती खरी धरावीत का, आणि नातवंडांसाठी आपण जी घराण्याची वही तयार करीत आहात तीत मूळपुरुष म्हणून कोणाला लिहावे, असे आपण विचारले आहे. आडनाव उघड करू नये ही आपली इच्छा मी पाळते आहे. उत्तरासाठी त्याची गरजही नाही.

न्यू इंग्लंड (अमेरिकेचा ईशान्येकडचा भाग, कनेक्टिकट त्यातच येते) आणि व्हर्जिनियातील जुन्या घराण्यांचे वंशशोधन मी गेली २२ वर्षे करीत आले आहे. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगते: या दोन्ही नात्यांपैकी एकही आज सिद्ध मानता येणार नाही, आणि ती सिद्ध करण्याच्या प्रयत्नाने सुरुवातही करू नये. एकाच नावाची माणसे समोर आली की त्यांना जोडण्याची ओढ फार असते. काम मात्र उलट दिशेने करायचे असते. आधी प्रत्येक माणूस इतरांपासून पूर्णपणे सुटा करायचा, त्याचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे आयुष्य स्वतंत्रपणे उभे करायचे आणि मगच दोघांत काही नाते होते का हे विचारायचे.

आपल्याकडे शेजारच्या दोन गावांतल्या दोन कुलकर्णी घरांचा एकमेकांशी रक्तसंबंध असेल असे कोणी गृहीत धरत नाही, कारण ते आडनाव वतनावरून आले आहे हे आपल्याला ठाऊक असते. इंग्रजी आडनावांचेही असेच आहे. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, कूपर म्हणजे पिंपे बनवणारा. हिल, वुड, ब्रूक्स ही डोंगर, रान आणि ओढे यांवरून पडलेली नावे आहेत, आणि जॉन्सन, विल्सन ही बापाच्या नावावरून. इंग्लंडभर ही नावे स्वतंत्रपणे शेकडो ठिकाणी निर्माण झाली. त्यात पहिली नावेही मोजकीच: जॉन, टॉमस, विल्यम, मेरी, एलिझाबेथ, सारा. १६२० ते १६४० या काळात सुमारे २०,००० माणसे इंग्लंडहून न्यू इंग्लंडमध्ये आली. एवढ्या गर्दीत एकच नाव आणि एकच आडनाव असलेली दोन परकी माणसे एका गावात येऊन राहणे मुळीच दुर्मिळ नव्हते.

ही चूक किती मोठी माणसे करू शकतात आणि ती कशी दुरुस्त होते याचे मला ठाऊक असलेले सर्वोत्तम उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घराण्याचे आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगते. त्यांचे पणजोबा जॉन वॉशिंग्टन १६५६-५७च्या सुमारास व्हर्जिनियात आले आणि त्यांचा भाऊ लॉरेन्स हाही पुढे तेथेच आला. १७९१ मध्ये सर आयझॅक हर्ड या इंग्लंडच्या प्रमुख वंशनोंद अधिकाऱ्याने वॉशिंग्टन यांना पत्र लिहून घराण्याची माहिती विचारली. वॉशिंग्टन यांनी १७९२ मध्ये उत्तर दिले की या विषयाकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, पण पूर्वज उत्तर इंग्लंडच्या कोणत्यातरी काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, आले असे ऐकले आहे. हर्ड यांच्यासमोर नॉर्थॅम्प्टनशरमधील सुलग्रेव्हच्या वॉशिंग्टन घराण्याची जुनी वंशावळ होती. तीत जॉन आणि लॉरेन्स असे दोन सख्खे भाऊ होते. व्हर्जिनियातही जॉन आणि लॉरेन्स हे दोन भाऊच. आडनाव एक, दोन्ही नावे जुळतात, नातेही जुळते; हर्ड यांनी दोन्ही जोड्या एकच मानल्या आणि ती वंशावळ सुमारे ७० वर्षे बिनतक्रार छापली गेली.

कनेक्टिकटमध्येच जन्मलेल्या आणि लंडनला जाऊन राहिलेल्या जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी १८६६ मध्ये ती पाडली. त्यांनी या दोन इंग्लिश भावांची पुढची आयुष्ये तपासली, इतकेच. त्यांतला जॉन १६२३ मध्ये नाइट झाला होता, म्हणजे कागदोपत्री तो सर जॉन असायला हवा होता; व्हर्जिनियाच्या जॉनला कोणीही कधी सर म्हटलेले नाही. लॉरेन्स तर ऑक्सफर्डमध्ये शिकलेला धर्मगुरू होता आणि एसेक्समधील पर्ली गावच्या चर्चमध्ये नेमला गेला होता. ही दोन माणसे समुद्र ओलांडून गेलेली असूच शकत नव्हती. चेस्टर यांनी खोटी जोडणी मोडली, पण खरी त्यांना मिळाली नव्हती. ती हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांनी १८८९ मध्ये सिद्ध केली. व्हर्जिनियाला गेलेले जॉन आणि लॉरेन्स हे त्याच पर्लीच्या धर्मगुरू लॉरेन्सचे मुलगे, म्हणजे हर्ड यांची चूक नेमकी एका पिढीची होती.

वॉटर्स यांना हा धागा सापडला तो वॉशिंग्टन आडनावाच्या कागदात नव्हे. हर्टफर्डशरमधील ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग नावाच्या गृहस्थाच्या मृत्युपत्रात तो होता. या गृहस्थाने आपला धर्मपुत्र लॉरेन्स वॉशिंग्टन याला वारस नेमले होते आणि त्या मुलाची आई अँफिलिस वॉशिंग्टन हिला ‘डॉटर-इन-लॉ’ म्हटले होते. आजच्या अर्थाने वाचले तर ती त्यांची सून ठरते आणि सगळे गणित बिघडते. त्या काळी मात्र हा शब्द सावत्र मुलीसाठीही वापरत, आणि ती नोलिंग यांच्या पत्नीची आधीच्या लग्नाची मुलगीच होती. पुढे अँफिलिसच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार १६५६च्या फेब्रुवारीत तिचा थोरला मुलगा जॉन याला मिळाल्याची नोंद सापडली, आणि त्यानंतर लगेच तो समुद्रापार दिसू लागतो. वॉशिंग्टन यांनी ऐकलेली उत्तर इंग्लंडची कथाही निव्वळ पोकळ नव्हती. सोळाव्या शतकात सुलग्रेव्हला स्थायिक झालेला त्यांचा पूर्वज मूळचा लँकेशरचा होता. कुटुंबातल्या दंतकथांत असा एखादा खरा कण पुष्कळदा असतो, फक्त तो चुकीच्या पिढीला चिकटलेला असतो.

आणखी एक गोष्ट. याच काळात व्हर्जिनियातच, सरी काउंटीत, दुसरा एक जॉन वॉशिंग्टन राहत होता. अध्यक्षांचा पणजोबा वेस्टमोरलंड काउंटीतला आणि त्याची पत्नी अ‍ॅन पोप. सरीतल्या जॉनची पत्नी मेरी. काउंटी आणि पत्नी या दोन खुणांनी ते सुटे होतात. आपल्या दोन टॉमसच्या बाबतीत गाव एकच आहे, म्हणून तेथे अधिक बारीक खुणा लागतील.

प्रथम ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ या शब्दांविषयी, कारण आपल्या वंशावळीतील बापलेकाचे नाते बहुधा एवढ्याच आधारावर उभे आहे. वसाहतकाळात हे शब्द नाते सांगत नसत. गावात एका नावाची दोन माणसे असली की कारकून वयाने मोठ्याला सीनियर आणि लहानाला ज्युनियर लिहीत असे. ते बापलेक असतील, चुलते-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कोणीच नसतील. तिसरा आला तर तो ‘थर्ड’. मोठा वारला किंवा गाव सोडून गेला की ज्युनियर आपोआप सीनियर होत असे. म्हणून १६९५च्या खरेदीखतातला ज्युनियर आणि १७०५च्या खरेदीखतातला सीनियर हा एकच माणूस असू शकतो. या शब्दाच्या बदलाची तारीख नीट टिपली तर थोरला केव्हा मेला किंवा गेला याचा अंदाज मृत्यूची नोंद नसतानाही बांधता येतो.

नात्यांचे इतर शब्दही असेच निसरडे आहेत, आणि मराठीत वही लिहिणाऱ्याला त्यांचा धोका जास्त आहे. त्या काळच्या इंग्रजीत ‘कझिन’ म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असे, ‘ब्रदर’ म्हणजे सख्खा भाऊ, मेहुणा, साडू किंवा केवळ एका चर्चमधला सहधर्मी असे, आणि ‘मदर-इन-लॉ’ सावत्र आई असू शके. इंग्रजी शब्द संदिग्ध राहू शकतो. मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, पुतण्या, भाचा यांतला एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, आणि निवडला की पुरावा नसलेली गोष्ट आपण लिहून बसतो. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की नाते सिद्ध होईपर्यंत मूळ शब्दच देवनागरीत, अवतरणचिन्हांत ठेवावा. ‘माझी आताची पत्नी’ असा मृत्युपत्रातला शब्दप्रयोग पाहून लोक आधीची एक पत्नी गृहीत धरतात, तेही चूक आहे. भविष्यात दुसरी पत्नी आली तर तिने हक्क सांगू नये म्हणून हे लिहीत असत.

तारखांचा घोळ आपल्या कागदात मला प्रत्यक्ष दिसला. आपण लिहिता की थोरल्या टॉमसच्या एका मुलाचा बाप्तिस्मा एप्रिल १६९० मध्ये आणि दुसऱ्याचा फेब्रुवारी १६९० मध्ये झालेला आहे, म्हणून त्यांच्या आया वेगळ्या, म्हणजेच टॉमस दोन असले पाहिजेत. हा निष्कर्ष तूर्त बाजूला ठेवा. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे फेब्रुवारी १६९० हा एप्रिल १६९०च्या नंतर दहा महिन्यांनी येत होता. आजच्या मोजणीने तो फेब्रुवारी १६९१. दहा महिन्यांच्या अंतराने झालेली दोन मुले एका आईची असू शकतात, शिवाय बाप्तिस्म्याची तारीख ही जन्माची तारीख नसतेच. अशा तारखा १६९०/९१ अशा दुहेरी वर्षाने लिहाव्यात. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, हेही लक्षात असू द्यावे. वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१चा आणि नव्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२चा, तो याच दोन कारणांनी.

आता दोन टॉमस सुटे कसे करायचे ते सांगते. एक मोठा तक्ता घ्या आणि टॉमस हे नाव आणि ते आडनाव, कोणत्याही स्पेलिंगने, ज्या ज्या कागदात आले असेल त्याची प्रत्येकी एक ओळ करा. स्पेलिंगच्या फरकावरून माणसे वेगळी करू नका, कारण कारकून एकाच पानावर एकच आडनाव तीन प्रकारे लिहीत. प्रत्येक ओळीत तारीख, कागदाचा प्रकार, पत्नीचे नाव, धंदा, नावामागची पदवी, जमिनीचे वर्णन, चतुःसीमा, साक्षीदार आणि सही की निशाणी हे लिहा. कोणती ओळ कोणत्या टॉमसची हे सुरुवातीला मुळीच ठरवू नका. ओळी पुरेशा झाल्या की त्या आपोआप दोन ढिगांत पडू लागतात: एक विणकर, दुसरा शेतकरी, एकाची जमीन ओढ्याच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याची नदीच्या कुरणाला लागून, एक नेहमी नाव लिहून सही करणारा, दुसरा वाकडा टी काढणारा. निशाणी ही फार भरवशाची खूण आहे. आजारपणात मृत्युपत्रावर हात थरथरला म्हणून निशाणी केली असे घडते, पण धडधाकट असताना सही करणारा पुढच्या वर्षी निशाणीवर येत नाही. त्यासाठी नोंदवहीतली नक्कल न पाहता मूळ कागद पाहावा लागतो, कारण वहीतले अक्षर कारकुनाचे असते. जुनी इंग्रजी लेखणी सुरुवातीला अगम्य वाटेल, पण मोडी शिकलेल्या माणसाला तिची भीती वाटायचे कारण नाही. ती पंधरा-वीस दिवसांच्या सरावाने वाचता येऊ लागते.

या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एक घोडचूक केली होती. दोन सॅम्युएलांच्या पत्नीचे नाव हॅना होते, गाव एकच होते, आणि मी ते एकच मानून एका कुटुंबाला पूर्ण अहवाल पाठवला. वर्षभराने दुसऱ्याच कामात एक खरेदीखत हाती आले, त्यात तो सॅम्युएल १७१३ मध्ये जमीन विकत होता. माझा सॅम्युएल १७११ मध्ये वारला होता. त्या कुटुंबाला पत्र लिहून मला सहा पिढ्या मागे घ्याव्या लागल्या. तेव्हापासून पत्नीचे नाव जुळणे हा पुरावा मी मानत नाही. हॅना, मेरी, सारा या नावांच्या बायका प्रत्येक घरात होत्या, आणि पहिली मेरी वारल्यावर दुसऱ्या मेरीशी लग्न झाले तर कागदावर काहीच बदललेले दिसत नाही.

सर्वांत पक्का पुरावा जमीन देते. वसाहतकाळातल्या माणसाच्या प्रत्येक एकराचा हिशेब लागला पाहिजे: ती वाटपात मिळाली, विकत घेतली, वारसाने आली की पत्नीकडून आली, आणि पुढे ती विकली, बक्षीस दिली की मरणानंतर वाटली गेली. धाकटा टॉमस एखादा तुकडा विकतो आहे आणि तो त्याने विकत घेतल्याचे खत कोठेच नाही, असे दिसले तर तो त्याला वारसाने किंवा लग्नाने आला असणार. त्याच तुकड्याच्या चतुःसीमा मागे नेत गेलात की आधीचा मालक सापडतो. तो थोरला टॉमस निघाला तर नात्याचा पहिला खरा दुवा मिळेल. तो दुसऱ्याच आडनावाचा निघाला तर तो कदाचित सासरा असेल, आणि मग बापाचा शोध दुसरीकडे करावा लागेल. ‘प्रेम आणि ममत्वापोटी’ दिल्याचे खतात लिहिले असेल तर ते बक्षीसपत्र आहे आणि जवळचे नाते जवळजवळ निश्चित असते.

कनेक्टिकटमध्ये जमिनीचे दस्त गावपातळीवर नोंदवले जात, तर शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ते काउंटीच्या पातळीवर असत; कुटुंब सीमेपलीकडे सरकले की शोधाची जागा बदलते. कनेक्टिकटच्या कायद्यात विधवेचा तिसऱ्या हिश्श्याचा हक्क पतीच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याकडे असलेल्या जमिनीपुरताच होता, म्हणून तेथे जमीन विकताना पत्नीची संमती सहसा घेतलेली दिसत नाही. तेव्हा खतावर पत्नीचे नाव नाही, म्हणजे तो अविवाहित होता, असे म्हणता येत नाही. व्हर्जिनियात उलट, पत्नीला वेगळे बोलावून तिची संमती विचारल्याची नोंद मिळते आणि तिचे नाव हाती लागते.

वारसाच्या कागदांकडेही दोन्ही वसाहतींत वेगळ्या नजरेने पाहावे लागते. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मृत्युपत्र न करता माणूस वारला तर विधवेचा हिस्सा काढल्यावर थोरल्या मुलाला दुप्पट आणि इतर मुलामुलींना एकेक वाटा मिळत असे. म्हणजे मालमत्तेचे सात वाटे झाले आणि एकाला दोन मिळाले, तर मुले सहा. सगळ्यांची नावे नसली तरी आकड्यावरून कोणी राहिले आहे का हे कळते. व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन कायद्याने थोरल्या मुलाकडे जात असे, आणि ही पद्धत अमेरिका स्वतंत्र झाल्यावरच मोडली गेली. म्हणून तेथे बापाच्या मृत्युपत्रात थोरल्याचे नाव नसणे हे नाते नसल्याचे चिन्ह नव्हे. त्याचा वाटा आधीच देऊन झालेला असू शकतो. एखाद्या मुलाला एकच शिलिंग दिलेला दिसला की वाचणारे हळहळतात, पण बहुतेकदा त्याला त्याचे आधीच मिळालेले असते.

अल्पवयीन मुलांच्या पालकत्वाचे कागद मात्र माझे सर्वांत आवडते आहेत. चौदा वर्षांवरील मुलाला आपला पालक स्वतः निवडता येत असे, त्याखालच्यासाठी न्यायालय नेमत असे. १६९८ मध्ये एखाद्या टॉमसने स्वतः पालक निवडला असेल तर तो १६८४ किंवा त्याआधी जन्मलेला आणि अजून २१ वर्षांचा न झालेला, म्हणजे १६७७ नंतरचा. जन्माची नोंद नसताना सात वर्षांची चौकट मिळते. शिवाय तो निवडलेला पालक आणि त्याला जामीन राहिलेली माणसे बहुतेक वेळा आईच्या माहेरची असतात. वॉशिंग्टन घराण्याचा धागा जसा नोलिंग या परक्या आडनावात सापडला, तसाच आपल्याही टॉमसचा सापडण्याची शक्यता मला जास्त वाटते. शेजारी, साक्षीदार, जामीन, व्याही यांचे कागद वाचल्याशिवाय या काळातले काम पुरे होत नाही.

व्हर्जिनियातल्या विल्यमविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण तेथे सांगण्यासारखा पुरावाच नाही. ‘तीन भाऊ आले, एक उत्तरेला राहिला, एक दक्षिणेला गेला’ ही कथा अमेरिकेतल्या असंख्य घराण्यांत सांगितली जाते आणि ती बहुधा एकाच आडनावाच्या दूरदूरच्या माणसांना जोडण्यासाठी नंतर रचलेली असते. भाऊ कधी एकत्र आलेच नाहीत असे नव्हे. वॉशिंग्टन बंधू आलेच होते. पण न्यू इंग्लंडला येणारी बहुतेक कुटुंबे धर्ममताच्या ओढीने आली, तर व्हर्जिनियाला येणारे बहुसंख्य तरुण भाड्याच्या बदल्यात काही वर्षे राबण्याचा करार करून आले. हे दोन वेगळे प्रवाह होते. त्यात व्हर्जिनियाच्या राजधानीला, रिचमंडला, सुरक्षित ठेवायला पाठवलेल्या अनेक काउंट्यांच्या नोंदी १८६५ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या शेवटी शहर पेटले तेव्हा जळाल्या. विल्यमची काउंटी त्यांपैकी असेल तर दोन्ही बाजू कागदांनी जोडणे बहुधा अशक्य आहे. तेथे डीएनए हाच मार्ग उरतो.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, जवळजवळ न बदलता, आडनावाबरोबरच जाते. म्हणून आडनावाच्या प्रश्नाला ही चाचणी अगदी योग्य आहे. आपल्या सुनेला ही चाचणी करता येणार नाही, तिच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला करावी लागेल. सर्वसाधारण पूर्वज-चाचणी येथे फार उपयोगी नाही. दहाव्या पिढीत माणसाला १,०२४ पूर्वज असतात आणि त्यांपैकी अनेकांच्या डीएनएचा एकही तुकडा आज आपल्यात उरलेला नसतो.

वाय चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मॉंटिसेलो या त्यांच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावर त्यांच्या मालकीत गुलाम म्हणून असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे वडील जेफरसनच होते का, हा वाद दोनशे वर्षे चालला. जेफरसन यांचा कायदेशीर मुलगा वंशात उरला नव्हता, म्हणून १९९८ मध्ये त्यांचे चुलते फील्ड जेफरसन यांच्या पुरुषवंशजांचे गुणसूत्र सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ताडून पाहिले. ते जुळले. जेफरसन यांचे कुटुंबीय ज्या कार नावाच्या भाच्यांकडे बोट दाखवत होते, त्यांच्या वंशाशी मात्र जुळले नाही. म्हणजे चाचणीने एक शक्यता कायमची बाद केली आणि जेफरसन घराणे निश्चित केले, पण त्या घराण्यातला नेमका कोणता पुरुष हे ती सांगू शकत नव्हती, कारण त्यांच्या भावाचेही गुणसूत्र तेच. ते उत्तर कागदांनी दिले: सॅलीच्या प्रत्येक अपत्याच्या जन्माआधी सुमारे नऊ महिने जेफरसन मॉंटिसेलोत असल्याच्या नोंदींनी, आणि सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये छापून आलेल्या आपल्या जबानीने.

आपल्या प्रकरणातही असेच होईल. सुनेच्या वडिलांचे आणि विल्यमच्या एका वंशजाचे गुणसूत्र जुळले नाही, तर भाऊ असल्याची कथा बहुधा गेली. बहुधा म्हणण्याचे कारण असे की मध्ये कोठेतरी दत्तक मूल, सावत्र बापाचे आडनाव किंवा आईचे आडनाव आलेले असू शकते, म्हणून प्रत्येक मूळपुरुषाच्या दोन वेगवेगळ्या मुलांपासून आलेले किमान दोन वंशज तपासावेत. जुळले तर पुरुषवंश एक असे म्हणता येईल. भाऊ, चुलतभाऊ की इंग्लंडमधल्या दोनशे वर्षे आधीच्या पूर्वजाचे वंशज, हे त्यातून कळणार नाही. चाचणीआधी घरच्या सर्वांना विचारून घ्यावे, कारण अनपेक्षित उत्तर आले तर ते जिवंत माणसांच्या घरात येते.

छापील ग्रंथांविषयीही सावध करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत घराण्यांचे इतिहास छापण्याची लाट आली. त्यांत उत्तम काम आहे आणि गुस्ताव आंजूसारख्या, पैसे घेऊन बनावट वंशावळी तयार करून देणाऱ्या माणसाचेही आहे. इंटरनेटवरच्या अनेक वंशावळी अशाच पुस्तकांतून उचललेल्या असतात. आपण म्हणता की हे बापलेकाचे नाते चाळीसहून अधिक वंशावळींत दिसते. मी त्यांतल्या काही उघडून पाहिल्या. सर्वांत तेच एक चुकीचे स्पेलिंग आहे, म्हणजे मूळ एकच आणि बाकीच्या नकला. त्या चाळीसही जणींना मी मिळून एकच साक्षीदार धरते, आणि तोही ऐकीव.

पुढचे काम असे करावे असे मी सुचवते. सुनेपासून सुरू करून एकेक पिढी मागे, प्रत्येक दुव्याला कागद लावत, १७५० पर्यंत या; तेथे पोहोचण्याआधी टॉमसला हात लावू नका, कारण ती साखळी कोणत्या टॉमसपाशी जाते हे अजून आपल्याला माहीतच नाही. कनेक्टिकटच्या गावांतील १८५० पर्यंतचे जन्म, विवाह आणि मृत्यू बार्बर संग्रहात एकत्र केले आहेत. तो सूचीसाठी वापरा आणि मूळ वही पाहून खात्री करा. फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळावर आता जुन्या दस्तांच्या संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो, त्यामुळे सूचीत कधीच न येणारे साक्षीदार आणि शेजारीही सापडतात; तेथे टॉमसच्या नावाऐवजी आधी त्याच्या शेजाऱ्यांची नावे टाकून पाहा. हार्टफर्ड येथील कनेक्टिकटच्या राज्य ग्रंथालयात वारसाच्या प्रकरणांचे मूळ कागद आहेत. गावातल्या त्या आडनावाच्या, १६८० ते १७३० मधल्या सर्व मृतांची प्रकरणे तेथून मागवा, टॉमस नाव नसलेलीही, आणि बोस्टनच्या १८४५ पासून चालत आलेल्या वंशशोधन संस्थेकडे या आडनावावर आधी कोणी काम केले आहे का हे विचारा.

वहीत तोवर दोन पाने वेगवेगळी ठेवा, एक थोरल्याचे आणि एक धाकट्याचे, आणि मधली जागा पेन्सिलीने लिहिण्यासाठी कोरी सोडा. हार्टफर्डचे कागद आले की त्यांतल्या सह्या आणि निशाण्यांची छायाचित्रे मला पाठवा. आपल्याकडच्या १६९५च्या खरेदीखताशेजारी ठेवून मी त्या पाहीन.